अंबक्का चेहरा दाखवत नसत

अंबक्कांची फिल्म पाहून बाहेर पडणारा कुणी ना कुणी हमखास म्हणायचा, "त्या पोराचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही हो." आणि फिल्ममध्ये चेहरा नसायचाच. मानेची मागची बाजू असायची. दाराच्या कडीशी चाळा करणारी बोटं, उंबऱ्यावर घासला जाणारा पायाचा अंगठा, भिंतीवर हलणारी सावली, आणि आवाज. घरातून पळालेली, चोरीत सापडलेली, ठरलेल्या लग्नातून निसटलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं हा त्यांचा विषय. या मुलांचा चेहरा दाखवायचा नाही, हा कायदाच आहे. पण कायदा पाळूनही लोकांना चेहरा आठवावा, हे अंबक्का कसं साधत, याचं मला नेहमी कुतूहल वाटे. खरं तर मला ते सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, कारण त्यांच्या फिल्म मी एडिट करत होतो.

मी मूळचा साताऱ्याचा. बायकोची नोकरी म्हैसूरला आली तसं आम्ही बोगादीला घर घेतलं, आणि वरच्या खोलीत मी लग्नाचे व्हिडिओ जोडायला लागलो. एका सकाळी जिन्यात चपला वाजल्या आणि ठेंगण्याशा, साठीच्या आसपासच्या बाई वर आल्या. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि बगलेत चक्क लाकडी पाट. मला वाटलं, हळदीच्या कार्यक्रमाचं काही विचारायला आल्या.

"एनप्पा, तूच तो पुणेकर?" त्या म्हणाल्या. एनप्पा म्हणजे 'काय रे बाबा'.

"मी साताऱ्याचा."

"तिकडचे सगळे पुणेकरच." पाट भिंतीला टेकवून त्या खुर्चीत बसल्या. "लग्नात नवरी रडते, ते घालतोस की नाही?"

"घालतो. लोक मागतात."

"स्लो मोशन?"

"हो."

"मागं व्हायोलिन?"

"सनई आणि व्हायोलिन दोन्ही."

"म्हणजे तुला सगळं येतं की. छान. आता त्यातलं एकपण करायचं नाही. एवढंच काम."

असे आमचे संबंध जुळले. त्यांचं पूर्ण नाव अंबुजाबाई, पण मंडी मोहल्ल्यापासून बोगादीपर्यंत त्या अंबक्का. जुन्या म्हैसूरच्या मराठ्यांपैकी. घरी मराठी, पण अर्ध्या वाक्यात गाडी कन्नडवर घसरायची आणि त्यांना पत्ताही नसायचा. "आमचा पणजा महाराजांच्या रिसाल्यात घोड्यावर होता," त्या सांगत. "मी स्कूटीवर. पाट पायाशी, कॅमेरा पाठीला. तेवढंच आमचं सैन्य उरलं, अल्वा?" अल्वा म्हणजे नाही का.

तो पाट त्यांच्या कामाचा भाग होता. मूल खाली बसलं असेल तर त्या पाटावर, मूल खुर्चीत असेल तरी त्या पाटावरच. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांपेक्षा खाली. "वरून बघितलं की पोरगं गुन्हेगार दिसतंय, नाही तर बिचारं दिसतंय," त्या म्हणत. "खालून बघितलं की ते आपल्याला काहीतरी सांगतंय असं दिसतंय." तोंडात एक लवंग असायची. प्रश्न विचारला की लवंग दाढेखाली धरायची आणि गप्प बसायचं. "लवंग नसली तर मी मधेच बोलते. पोरगं पहिलं सांगतंय ते साहेबाला सांगायचं असतंय. गप्प बसलं की मग दुसरं सांगतंय."

चेहऱ्यावर ती धुरकट जाळी टाकायचीही त्यांना बंदी होती. मी एकदा विचारलं, का म्हणून. "तसा चेहरा टीव्हीवर कुणाचा असतो, सांग? चोराचा. पोराला आपणच चोर करायचं होय?" पुढच्या वेळी तोच प्रश्न कुण्या विद्यार्थ्याने विचारला तर म्हणाल्या, माझे डोळे दुखतात तसलं बघून. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, माझ्या धाकट्या भावाचा असा फोटो एकदा पेपरात आला होता. मग लगेच, "सुम्मने सांगितले रे," म्हणून हसल्या. सुम्मने म्हणजे उगीच. यातलं खरं कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांना मुलांच्या दुःखापेक्षा मुलांचं कुतूहल अधिक होतं, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मोटारसायकली चोरणाऱ्या एका मुलावर फिल्म करायची होती. ज्या संस्थेने काम दिलं होतं तिच्या साहेबांना पश्चात्ताप हवा होता. अंबक्का पाटावर बसल्या आणि त्यांनी मुलाला विचारलं, "किल्लीशिवाय गाडी सुरू करतात कशी रे? मला येत नाही." मुलाने आधी संशयाने बघितलं. मग शिकवायलाच लागला. हवेत वायर सोलून दाखवली, हवेत किक मारली. अंबक्कांनी फक्त त्याचे हात टिपले. मधे दोनदा तो खदखदून हसला. शेवटी आईचं नाव निघालं तेव्हा थोडा रडला.

मी जोडताना ते रडणं शेवटी ठेवलं.

"दोनदा हसला, एकदा रडला," अंबक्का पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तू रडणं शेवटाला कशाला घातलास?"

"शेवटाला जोर येतो, अक्का."

"कुणाच्या?" "शेवटी जे दाखवशील ना, लोक पोराला तेच समजून घरी जातात. रडणं मधे टाक. शेवटाला किक राहू दे."

साहेब चिडले. पण फिल्म पाहून कुणीतरी त्या मुलाला गॅरेजमध्ये ठेवून घेतलं, असं नंतर कानावर आलं. अंबक्का मात्र हे कधी फुशारकीने सांगत नसत. "गॅरेजवाल्याला फुकटात शिकलेला मेकॅनिक मिळाला, त्यात माझं काय?"

त्यांचा एक नेम होता, आणि बाहेरच्या लोकांना त्याचाच जास्त राग यायचा. जोडून झालेली फिल्म सगळ्यांत आधी त्या मुलाला दाखवायची. लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसायचं. मुलाने "बेडा" म्हटलं, म्हणजे नको म्हटलं, की तो तुकडा गेला. का नको, ते विचारायचं नाही. इतके प्रश्न विचारणारी बाई, पण तिथे तोंडात लवंग. एका मुलीने असं बेडा बेडा करत सगळंच काढायला लावलं. उरलं काय, तर ती बसून धाकट्या बहिणीचे केस विंचरते आहे. अंबक्कांनी तेवढीच फिल्म एका सभागृहात दाखवली. लोक दुःख कधी सुरू होतंय याची वाट बघत बसले आणि दिवे लागले.

एक गृहस्थ उठून म्हणाले, "मॅडम, या मुलीचा प्रॉब्लेम काय, तेच नाही समजलं."

"तिनं तुम्हाला सांगितला नाही," अंबक्का म्हणाल्या. "मला तरी कुठं सांगितला सगळा? वेणी बघितली ना? चांगली घातली की नाही?"

गृहस्थ खाली बसले. मागच्या रांगेतल्या दोन बायका मात्र वेणीवरच बोलत राहिल्या.

आता रत्नाचं सांगतो. हे तिचं खरं नाव नव्हे.

रत्नाचं लग्न घरच्यांनी तिच्या सख्ख्या मामाशी ठरवलं होतं. त्या बाजूला ही रीत आहे. तिला बारावीची परीक्षा द्यायची होती. शाळेत दुपारचा स्वयंपाक करणाऱ्या शिवम्मा म्हणून बाई होत्या. रत्ना त्यांच्याकडे जाऊन रडली तेव्हा त्या तिला घेऊन टी. नरसीपूरच्या बसमध्ये बसल्या आणि सोसलेजवळच्या आपल्या माहेरच्या रिकाम्या घरात घेऊन गेल्या. मुलांचे प्रश्न पाहणाऱ्या सरकारी समितीने तिथे राहायची परवानगी दिली आणि पत्ता घरच्यांना कळवला नाही. घरच्यांची समजूत, पोरगी बंगळूरला कपड्यांच्या कारखान्यात गेली. ती समजूत परीक्षा होईपर्यंत टिकायला हवी होती. फिल्म तिच्यावर करायची ठरली तेव्हा आम्हा सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती : गाव कळता कामा नये.

अंबक्कांनी त्यासाठी एक गोष्ट केली जी मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती. त्यांनी खोटेपणा केला. रत्ना बोलत असताना बाहेरून एका भाताच्या मिलचा आवाज येत होता. जुनं इंजिन, दोन ठोके आणि मग एक गाळलेला. आसपासच्या गावांत तिला कुंटा मिल म्हणत, लंगडी मिल. अंबक्कांनी रत्नाला दुसऱ्या दिवशी मिल बंद असताना पुन्हा बोलतं केलं, आणि मागे म्हैसूरच्या आपल्या स्वयंपाकघराचा आवाज घालायला मला दिला. पंखा, कुकरची शिट्टी, भांडं.

"हा तर खोटा आवाज," मी म्हणालो. "डॉक्युमेंटरीत?"

"खोटाच. मिलचा आवाज तिकडं सगळे ओळखतात. पोरगी खरं बोलतीय, खोली खरं बोलली नाही तरी चालतंय."

रत्नाने ती फिल्म पाहिली आणि पहिल्यांदाच एखाद्या मुलाने एकदाही बेडा म्हटलं नाही. कुकरच्या शिट्टीला ती हसली. शिवम्माकडे कुकर नव्हता.

मग अंबक्कांच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि त्या दवाखान्यात अडकल्या. फिल्म बाहेरदेशी एका महोत्सवाला जायची होती. शेवटचा हात मी एकटाच फिरवत होतो. पहिल्या दिवशीचा मिलचा आवाज माझ्याकडे होता. सहज म्हणून तो रत्नाच्या बोलण्याखाली लावून पाहिला. ती म्हणत होती, "रोज सकाळी उठले की आधी दार बघते," आणि खाली ते दोन ठोके, मग एक गाळलेला. माझ्या अंगावर काटा आला. कुकर त्याच्यापुढे नाटकी वाटायला लागला. मला वाटलं, मी इतकी वर्षं यांच्या हाताखाली शिकलो, हे मला समजतंय, यांना समजणार नाही. परदेशात कोण ओळखणार आहे इथली मिल? त्या वाक्याखालचा कुकर काढून मी मिलचा आवाज अगदी हळू ठेवला. अंबक्कांनी दवाखान्याच्या बाकावर बसून लॅपटॉपच्या स्पीकरवर फिल्म ऐकली. त्यावर तो ऐकू येत नव्हता. येणार नाही, हे मला माहीत होतं.

महोत्सववाल्यांनी त्यातलं मिनिटभर कापून इंटरनेटवर टाकलं. ते फिरत फिरत इकडे आलं. लोक फोन कानात घालून ऐकतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खाली कन्नडमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, "ही आपली कुंटा मिल तर नव्हे?" त्याखाली दुसऱ्याने, "तीच."

मी महोत्सववाल्यांना काहीतरी कारण सांगून ते काढायला लावलं. फाइलमधला आवाजही काढून पुन्हा कुकर घातला. पण रत्नाचा मामा त्या भागात टेम्पोतून भात पोचवायचा; तो तुकडा त्याच्यापर्यंतही पोचला होता, आणि भाचीचा आवाज त्याला ओळखता येत होता. परीक्षेचे दोन पेपर राहिले असताना तो आणि तिचे वडील थेट त्या गल्लीत उतरले. दोन घरांत चौकशी, आणि तिसरं घर शिवम्माचं. रत्नाला घेऊन गेले. समितीने पोलिस पाठवून तिला परत आणलं, लग्न झालं नाही, पण राहिलेले पेपर गेले. त्यानंतर ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या हॉस्टेलवर राहिली, वर्ष वाया घालवून पुन्हा परीक्षेला बसली, पुढे नर्स झाली. शिवम्माशी मात्र ती पुन्हा बोलली नाही. गावातल्या माणसांपैकी पत्ता फक्त शिवम्माला माहीत होता, म्हणजे तिनेच कंटाळून सांगितलं, हे रत्नाने मनाशी धरलं.

आणि अंबक्कांना वाटत होतं की त्यांची स्कूटी कुणीतरी पाहिली. त्यांनी त्या रस्त्यावर स्कूटी नेणं सोडलं. शिवम्माकडे जायचं तर बसने.

मी गप्प राहिलो. ही गोष्ट मला आता सरळ लिहिता येते. तेव्हा मात्र मी रोज त्यांच्या शेजारी खुर्चीत बसून कुणाच्या तरी पोराची मान, हात, अंगठा जोडत होतो आणि एक वाक्य बोलत नव्हतो. त्या गप्प बसायच्या ते समोरच्याने बोलावं म्हणून. माझं गप्प बसणं कशासाठी होतं, ते वेगळं सांगायला नको. दिवाळीला त्या आमच्याकडे चकल्या घेऊन येत. माझी बायको विचारी, "अक्का आल्या की तुम्ही असे आखडता का?" मी म्हणे, काम असतं डोक्यात.

अशी काही वर्षं गेली. एका दुपारी आम्ही नव्या फिल्मचे तुकडे बघत होतो. अंबक्का थकल्या होत्या, जिना चढताना मधे थांबत होत्या. चहाचा पेला ठेवून म्हणाल्या, "काल शिवम्माकडं गेले होते. ती दर वेळी विचारते, पुट्टी कशी आहे म्हणून." पुट्टी म्हणजे बाळ; रत्नाला शिवम्मा तसं म्हणत. "आमेले, मग म्हणते, मी सांगितलं नाही हो, अक्का. मी म्हणते, मला कशाला सांगतेस, मला माहीत आहे की. पण रत्नाला कोण पटवणार?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "कोणी सांगितलं असेल रे? मला भांडायचं नाही. पण माणसाला कळायला नको?"

तोंडात लवंग होती की नाही, मला माहीत नाही. पण त्या पुढे काही बोलल्या नाहीत. आणि मी बोललो.

सगळं सांगून झाल्यावर मी पडद्याकडेच बघत होतो. मला वाटलं होतं, त्या उठून जातील. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आवाज किती ठेवलास?"

"अगदी कमी."

"कुठल्या वाक्याखाली?"

मी सांगितलं.

"का पण?"

"सुंदर वाटला, अक्का."

"हौदु, खरंय," त्या म्हणाल्या. "सुंदर होता. मलापण वाटला होता." मग त्या आपल्या घड्याळाचा पट्टा फिरवत राहिल्या. "मी सांगितले होते ना तुला मिलचं?"

"सांगितलं होतं."

"मग मी दवाखान्यात होते म्हणून झालं, असं तर तू मनात म्हणत नाहीस?"

"नाही."

"म्हणू नको." त्यांचा आवाज एवढ्यापुरता बदलला. "इतकी वर्षं मी बसने जातीय तिकडं. ती बाई चुलीपुढं बसून शपथा घेतीय. आणि तू इथं चहा पाजतोस मला."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "साकु, पुरे. मला मागून काय करणार? उद्या सकाळची बस. तू बोलायचं. मराठीत नाही, कन्नडमध्ये. मी भाषांतर करणार नाही."

"माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं आहे, अक्का."

"मग तेवढ्यात सांग."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा घेतली आणि वाटभर शेजारच्या शेतमजूर बाईशी तंबाखूच्या पिकाबद्दल बोलत राहिल्या. माझ्याशी एक शब्द नाही. मी मनात कन्नड वाक्यं जुळवत होतो.

शिवम्मांनी आम्हाला चटईवर बसवलं, पाणी दिलं. अंबक्का भिंतीला टेकून बसल्या. मी सुरुवात केली. क्रियापदं चुकली, काळ चुकले. आवाज याला शब्द आठवेना तेव्हा मी जमिनीवर बोटाने ठोके वाजवून दाखवले, दोन आणि मग थांबलो. शिवम्मांचा चेहरा तिथेच बदलला. मी म्हणालो, "नंदे तप्पु." चूक माझीच. अंबक्कांकडे दोनदा मदतीसाठी पाहिलं. त्या दाराबाहेर बघत होत्या.

शिवम्मांनी पाण्याचे पेले बाजूला सरकवले. मग म्हणाल्या, ते मला कळलं, "हे मला नको सांगू. तिला सांग."

"माझ्याकडे तिचा नंबर नाही, आणि तुमचा फोन ती उचलत नाही," मी म्हणालो.

अंबक्कांनी कमरेच्या पिशवीतून आपला फोन काढला, नंबर लावला आणि वाजत असलेला फोन शिवम्मांच्या हातात दिला. शिवम्मांनी तो कानाला लावला, पलीकडून "अक्का, हेळी" ऐकू आलं, बोला अक्का. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि माझं मनगट सोडलं नाही.

भिंतीला धरून अंबक्का उठल्या तेव्हा मला वाटलं, ऐकायला जवळ येताहेत. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? रत्ना काय म्हणते हे त्यांच्याइतकं कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. त्या दाराशी गेल्या. चपला घालायला वेळ लागला, एक चप्पल उलटी होती. मग पायरी उतरून अंगण ओलांडलं, कुंपणाशी थांबल्या, आणि तिथूनही आवाज येईल असं वाटलं असावं, म्हणून आणखी पुढे, गल्लीच्या वळणापर्यंत गेल्या. तिथे पारावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली. अंबक्का बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून. फोनमध्ये रत्ना विचारत होती, कोण बोलतंय, कोण बोलतंय, आणि दारातून मला अंबक्का दिसत होत्या, कुणालाच काही न विचारता बसलेल्या.